माझं एन्क्रिप्शन कोण वापरतं

सोमवार, ३ जून
आजपासून कोणावरही हात उगारायचा नाही. संकल्पाचं कारण चष्मिस. कर्नल, म्हणजे संगणकाच्या सिस्टिमचा गाभा, त्यावर काम करणाऱ्या आमच्या टीममधला हा दीडशहाणा भर मीटिंगमध्ये म्हणाला की मी लिहिलेलं एन्क्रिप्शन, माहिती कुलूपबंद करणारा कोड, कोणी वापरतच नाही, कर्नलमधून काढून टाकू. सहा वर्षं घासलीत मी त्यावर. तरी फक्त चहाचा मग फेकला, तोही भिंतीवर. चष्मिस भिंतीला टेकून बसला होता हा त्याचा दोष. साहेबांनी शुक्रवारपर्यंत पुरावा मागितलाय, नाहीतर काढणार.

मंगळवार, ४ जून
पुरावा देतोच. कर्नलमधून एक फाइल बाहेर काढणार, कोणीही उघडून वाचावी. प्रत्येक अल्गोरिदमचं नाव, किल्लीची लांबी, आत्ता किती जण वापरतायत, आणि कोण. दोन तासांचं काम.
चष्मिस म्हणाला, 'कोण' कशाला दाखवतोस, आकडा पुरे. घाबरला. कॉलर धरली, फाटली. हात उगारला नव्हता, नुसती कॉलर धरली होती.

बुधवार, ५ जून
मशीन सतरा वेळा क्रॅश. अठराव्या वेळी कीबोर्ड टेबलावर आपटून आपटून सरळ केला. बटणं अजून सापडतायत, एक साहेबांच्या चहात निघालं.
बायको म्हणाली, राग आला की उशी बडवत जा. बडवली. फाटली. मग म्हणाली, आता कापूस वेचा. वेचला. दिवसभरात पुरं झालेलं काम एवढंच.

गुरुवार, ६ जून, दुपारी
फाइल चालली! चष्मिसने कोड बघितला, म्हणाला मोजणीत घोळ आहे. चोराच्या उलट्या बोंबा. ठोसा लगावला. ठोसा त्याच्या नाकावरून घसरून मागच्या लोखंडी रॅकवर बसला. त्याचं नाक फुटलं, माझी दोन बोटं मोडली. दवाखान्यात एकाच बाकावर बसलो. माझा फॉर्म त्यानेच भरला. लाच देतो लेकाचा.
डाव्या हाताने लिहितोय. उद्या दाखवतो सगळ्यांना.

शुक्रवार, ७ जून
सगळे जमले. चष्मिसने लिहिलेलं एन्क्रिप्शन वापरणारे चार हजार तीनशे बारा. माझं, एक.
म्हटलं, एक तर एक, कोणीतरी आहे ना. साहेब म्हणाले, बघू कोण ते. रकाना उघडला. तिथे माझ्याच फाइलचं नाव. माहिती वाचायला ती माझं एन्क्रिप्शन क्षणभर स्वतःच उघडते, म्हणून तो एक. वाचून झालं की शून्य. चष्मिस काल हेच सांगत होता.
कोणी हसलं नाही. हसले असते तर कोणालातरी बडवता आलं असतं.
काढून टाकायची कमांड माझ्याने टाइप होईना. चष्मिसने गेंगाण्या आवाजात विचारलं, मी करू का. मी मान हलवली. दोन सेकंदांत गेलं. फार वाईट वाटलं.
फाइल मात्र साहेबांनी ठेवून घेतली. संध्याकाळी एकट्याने उघडून पाहिली. नीट चालते. यादीत माझं काहीच नव्हतं.