पायरीवरची बाई

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
२ जून २०२५

ती. राजेंद्रमामास,
सा. न. वि. वि. आणि जय भीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही कपाटात जपून ठेवता, म्हणून हे पत्र. पस्तीस वर्षं पैठणला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाला मी फोटोबद्दल लिहायचं म्हणजे आगाऊपणाच, पण लिहिते.

मे महिन्यात जायकवाडीचं पाणी उतरलं आणि बुडालेल्या जुन्या गावाच्या पायऱ्या उघड्या पडल्या, तेव्हा मी तिथं आले होते. एका पायरीवर बसलेल्या तरुण बाईचा फोटो काढला. तो परदेशातल्या एका मोठ्या प्रवास-छायाचित्र स्पर्धेत शेवटच्या दहांत आलाय! परीक्षकांनी लिहिलंय की उजेड चांगला आहे, जागा विलक्षण आहे, पण खरा फोटो त्या डोळ्यांचा आहे. त्यांच्यासमोरून हलवत नाही. मामा, आठ वर्षं मी लोकांची लग्नं टिपतेय. पहिली आले तर वर्षभर जगात हिंडून फोटो काढायचं काम मिळेल. मला ते फार फार हवंय.

अडचण एकच. फोटोत चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते, तीस जूनच्या आत. मी शहाणी नाव विचारायचंच विसरले. सोबत प्रिंट आणि संमतीचा कागद आहे. तुम्ही तिथं सगळ्यांना ओळखता, तेवढी बाई शोधा.

आईला प्रिंट दाखवली. तिनं बराच वेळ पाहिली, टेबलावर पालथी ठेवली आणि मेथी निवडायला गेली. लेकीचं कौतुक करणं तिच्या जिवावर येतं, तुम्हाला माहीतच आहे.

मामींना नमस्कार. रागावत राहा, पण कळवत राहा.

तुमची,
विशाखा

पैठण
९ जून २०२५

चि. विशाखास,
अ. उ. आ.

यंत्र कानात घातलं की मामीचं सगळं ऐकावं लागतं. कपाटातच बरं आहे ते.

फोटो पाहिला. प्रवासाचे बहुतेक फोटो म्हणजे आपण जागेकडं बघितल्याची पावती. जिंकणाऱ्या फोटोत जागा आपल्याकडं बघते. तुझ्या फोटोत तसं आहे, म्हणून मला धडकी भरली. पुढचं बसून वाच.

मी प्रिंट घेऊन पुनर्वसन वसाहतीत गेलो. तिथं मालनबाई नावाची अंगणवाडीत मदतनीस आहे, चव्वेचाळीस वर्षांची. तिनं फोटो हातात घेतला, आत गेली आणि भिंतीवरची फ्रेम काढून माझ्यापुढं धरली. ती तिची आई, चतुराबाई. माहेर त्याच बुडालेल्या गावातलं. १९८४ साली तापानं गेली तेव्हा मालन तीन वर्षांची होती. दोन्ही फोटोंत चेहरा तोच, वय तेच.

पोरी, सारखी दिसणारी नातलग असेल असं मीही म्हटलं असतं. पण ती फ्रेम मी केलेली आहे. त्या काळी गरिबाघरी माणूस गेलं की कळायचं, एकही फोटो नाही. मग स्टुडिओवाल्याला बोलावत. आम्ही मयताचाच फोटो घ्यायचो आणि मागाहून ब्रशनं डोळे उघडायचो. चतुराबाईचे डोळे मला काही केल्या जमेनात. सगळे मेलेलेच दिसायचे. शेवटी ताईचा, म्हणजे तुझ्या आईचा, नर्सिंगच्या फॉर्मसाठी काढलेला फोटो पडला होता. त्यातले डोळे कापून डकवले, वरून रंग मारला आणि पुन्हा फोटो घेतला. कुणालाच सांगितलं नाही, ताईलाही नाही.

म्हणजे त्या चेहऱ्यात ते डोळे फक्त माझ्या फ्रेममध्ये आहेत. जित्या माणसात ते कधीच नव्हते. तुझ्या कॅमेऱ्यात आले कसे? मालनबाईला मी यातलं काही बोललो नाही. तू हा फोटो मागं घे.

ताईला माझा नमस्कार सांग. तुझ्यावर माया आहे, म्हणूनच सांगतोय.

तुझा,
मामा

हर्सूल
१४ जून २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. नंतर फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. पायरीभोवती ओला गाळ आहे. त्यात माझ्या बुटांचे ठसे आहेत, जातानाचे आणि येतानाचे. बगळ्याचेही आहेत. तिचे नाहीत. मग आईच्या शेजारी बसून मी तिच्या डोळ्यांकडं पाहिलं. डाव्या बुबुळाजवळचा तो बारीक तीळ मी जन्मापासून पाहतेय, आणि फोटोत मला तो दिसला नव्हता. आता त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

मला भीती वाटते, मामा, खोटं कशाला बोलू? तरीही मागं घेणार नाही. फोटो मी काढलाय, त्यात काही डकवलेलं नाही. स्पर्धेच्या संकेतस्थळावर आत्तापर्यंत वीस हजार लोकांनी तो पाहिलाय. एकजण लिहितो, या बाईला पाहून मला माझं सगळं सांगावंसं वाटलं. असा फोटो माझ्या हातून पुन्हा होणार नाही. पुढच्या हंगामात पुन्हा नवरानवरीला झाडामागून डोकावायला सांगत उभं राहायचं का मी?

नियमात लिहिलंय, व्यक्ती हयात नसेल तर वारसाची सही चालते. मालनबाईंची सही घ्या. डोळ्यांचं सांगू नका. एक्केचाळीस वर्षं सांगितलं नाहीत, आणखी पंधरा दिवसांनी काय बिघडणार आहे?

हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितेय. माझ्यावरची माया एवढ्यात आटू देऊ नका.

विशाखा

पैठण
१९ जून २०२५

चि. विशाखास,
अ. उ. आ.

तुझा कागद घेऊन गेलो होतो. मालनबाईनं चहा केला, पेन मागितलं. सही करता करता सांगायला लागली, की सावत्र आईच्या हाताखाली वाढले, पण मला कधी लई एकटं वाटलं नाय, कारण आईचे डोळे होते. बारीकसारीक सगळं ती त्या फ्रेमपुढं उभं राहून सांगते. नवऱ्याला नाय सांगितलं ते तिला सांगितलंय, म्हणाली. आई ऐकते, हे तिला डोळ्यांवरून कळतं म्हणे.

मग माझ्यानं राहवेना. कागदावर हात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईल, हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं उठून फ्रेमचं तोंड भिंतीकडं केलं आणि विचारलं, की मग एवढी वर्षं मी कुणाला सांगत होते?

मी ताईचं नाव सांगितलं, पत्ताही दिला. रविवारी सकाळच्या एस.टी.नं ती तुमच्याकडं येतेय. सही केलेली नाही. आल्यावर तूच माग, मागवत असेल तर. मला माफ कर.

ताईला आधी काही सांगू नकोस. जसं होईल तसं होऊ दे. लोभ तुझ्याकडूनच मागायची वेळ आलीय.

मामा

हर्सूल
२३ जून २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि. आणि जय भीम.

मालनबाई काल अकराला आल्या. आईला मी एवढंच सांगितलं होतं, की मामांच्या ओळखीच्या कुणी येणार आहेत. त्या दारातून आत आल्या, आईच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि चपला काढायच्याही विसरून उभ्या राहिल्या. आईनं त्यांना जवळ बसवलं. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हात हातात घेतला आणि सांगितलं, की सावत्र आईनं शेवटी पाणी मागितलं आणि तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस, ते किती वर्षं उगाळशील, आता पुरे कर.

मालनबाई ज्या रडल्या, ते मला पाहवेना. मला त्यांनी नंतर सांगितलं, की हे जगात फक्त त्या फ्रेमला माहीत होतं. आईला विचारलं, तुला कसं कळलं? तर तिलाच नवल वाटलं. म्हणाली, तिनंच नाही का सांगितलं, कितीदा तरी. जाताना मालनबाईंनी आपणहून पेन मागितलं आणि सही केली. घरी गेल्यावर फ्रेम सरळ करणार आहेत.

सही हातात आली, मामा, आणि पाठवायला म्हणून मी संगणक उघडला. फोटो पाहिलेल्यांचा आकडा एक लाखावर गेला होता. बाहेरच्या खोलीत आई खुर्चीत बसून हळू आवाजात कुणाची तरी समजूत घालत होती. खोलीत कुणी नव्हतं. मग दुसऱ्या कुणाची, मग तिसऱ्या. जेवायलाही उठेना. म्हणाली, जरा थांब, हा माणूस फार रडतोय.

मी त्याच मिनिटाला फोटो मागं घेतला. त्यांना दोनदा लिहिलं, हात जोडून लिहिलं. उत्तर आलं, की स्पर्धेतून नाव काढलंय, पण लोकांनी तो आपापल्या पानांवर घेतलाय, तो आता आमच्या हातात नाही.

तुम्ही लगेच निघून या. आई थकलीय, पण थांबत नाही. आज सकाळपासून ती ज्या भाषेत बोलतेय, ती आपल्या घरात कुणालाच येत नाही.

माझ्यावरची माया आईकडं वळवा. तिला ती आता पुरणार नाही.

तुमची,
विशाखा