रागाचा उपास

माय,

काल रिसोडहून सामान आलं. साबुदाणा दोन किलो, एकशे वीस. भगर दोन किलो, दोनशे चाळीस. शेंगदाणे किलोभर, दीडशे. ज्वारी मात्र मागच्या महिन्याचीच शिल्लक आहे. लिहून ठेवताना वाटलं, या घरात जेवणापेक्षा उपासाचंच जास्त येऊन राह्यलं.

हे ज्या अडत दुकानात काट्यावर माल तोलायला होते, ते दुकान दिवाळीनंतर बंद झालं. तेव्हापासून दिवसभर ओट्यावर बसतात. बोलत नाहीत, अन् काही विचारलं तर अंगावर येतात. मी देवाकडे वळले. सोमवार होताच, मग गुरुवार धरला, शनिवार धरला. उपास असला की यांच्यासमोर ताट घेऊन बसावं लागत नाही. यांचं वाढायचं आणि देवघरात जायचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी रुसून तुझ्याकडे आले होते, आठवतं? उपास आहे म्हणून ताट सारलं. तू चुलीपुढे भाकर थापते आहेस, मान वर न करता म्हणतेस, "देवाचं नाव घेऊन नवऱ्यावर रुसू नको, बाई. रुसाचं असंन तं सरळ रूस, अन् जेवून रूस."

आता पोरानं यांच्यासाठी पुण्यात रखवालीचं काम पाहिलं आहे. शुक्रवारी निघायचं. "जाऊ काय?" असं यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा म्हटलं, "तुमची मर्जी." 'नका जाऊ' म्हणायलाही अंगात जोर लागतो गं.

आज मी भगर धुवत होते, तर हे स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

"आज कायचा उपास व?"

"आहे एक."

"मंग मलेबी भगरच वाढ."

"तुमी? तुमाले भाकरीबिगर जमते काय?"

"एकट्यानं जेवून जेवून तोंडाची चव गेली. तू खाशीन तेच खातो."

किती दिवसांनी समोरासमोर बसलो. शेंगदाण्याची आमटी यांनी पुन्हा मागून घेतली. हात धुताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझंही ताट उचलून मोरीत ठेवलं.

आज मंगळवार, माय. आज माझा कोणताच उपास नव्हता. ते यांना आधी सांगू, की 'नका जाऊ' आधी म्हणू? तू गेल्यापासून पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, तरी उलट टपाली कळव. शुक्रवारच्या आत.