आखाजीपर्यंत स्वयंपाक शिकणे

ता. २ मार्च १८६५, गुरुवार. अमरावती.
आजपासून घरी स्वयंपाक. बायको, कौशल्या, पौषात वारली, तेव्हापासून दोन्ही वेळा कापसाच्या बाजाराजवळ मैनाबाईच्या खानावळीत जेवतो. हे बरोबर नाही. घरच्या जेवणाचे फायदे पुष्कळ. अन्न ताजं. आत काय पडलं ते ठाऊक. पोट ठीक राहतं. शिवाय मी शिकलेला माणूस. रोज शंभर गाड्यांचा कापूस रजिस्टरात लिहितो, चुकत नाही. भाकर थापणं त्याहून अवघड नसावं.

ता. ३
चूल पेटली नाही. लाकडं ओली असावीत. शेजारच्या तानुबाईंनी विचारलं, "फागुनात ओली लाकडं कुठून आनली, रामभाऊ?" मैनाबाईकडे जेवलो.

ता. ६, सोमवार
चूल पेटली. भाकरीचे तव्यावर तीन तुकडे झाले. तुकडे झाले तरी ज्वारी तीच. वरण करपलं. तानुबाई धूर पाहून आल्या. "घर जाळून राहिले का?" मी म्हटलं, वरण आहे.

ता. १२, रविवार. होळी.
सासूबाई, मनकर्णाबाई, वलगावहून आल्या. अक्षय तृतीयेला कौशल्येची पहिली आखाजी येते. मला काहीच ठाऊक नसल्यासारखं सगळं समजावलं. तिच्या नावाने पाण्याची घागर भरायची. ती सवाष्ण गेली, म्हणून एका सवाष्णीला पुरणपोळीचं ताट वाढायचं. ती जेवली की कौशल्या जेवली. घरच्या माणसाने मागून जेवायचं.
म्हणाल्या, "जवाईबापू, तुमाले जमनार नाई. आमी वलगावले करतो."
मी म्हटलं, तिचं ताट तिच्याच घरी होईल. मीच रांधीन.
"तुमी?" म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, "ठीक हाय. पन मंग चुकू नका. एकीच्या नावानं दोन घागरी भरत नाईत. मंग आमी वलगावले मांडनार नाई."
चुकण्याचा प्रश्न नाही. दीड महिना आहे.

ता. २८, मंगळवार. पाडवा.
कढी केली. फुटली. मैनाबाईकडे फक्त भाकरी आणायला गेलो आणि जेवूनच आलो. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "काहून कारकून, घरच्या सैपाकाचे फायदे सरले का?" सगळे हसले. मीही हसलो असेन.

ता. ९ एप्रिल, रविवार
आज पुरण. डाळ शिजली, पण पाणी काढायचं राहिलं. गूळ घातल्यावर आणखी पातळ झालं. वाटीने प्यालो. मागच्या खेपेस डाळच शिजली नव्हती, म्हणजे प्रगती आहे.

ता. १६, रविवार
पहिली पोळी साधली. गोल नाही, पण फुटली नाही. तानुबाईंना नेऊन दाखवली. म्हणाल्या, "बरी हाय. सवाष्ण कोनाले सांगितली?"
म्हटलं, सांगतो.
"सांगतो नाई, आजच सांगा. पटकीनं यंदा घरोघरच्या बाया नेल्या. सवाष्णी पुरून नाई राहिल्या. मले तर उत्तमरावनं त्याच्या गेलेल्या सुनेसाठी होळीलेच सांगून ठेवलं."
गल्लीत बारा घरं आहेत. त्याची काळजी नाही. मुख्य गोष्ट पोळी.

ता. २३, रविवार
कापसाचा भाव उतरला म्हणतात. बाजारात सगळ्यांचे चेहरे सारखे दिसतात. गाड्या कमी, मला वेळ मिळाला, सहा पोळ्या केल्या. चार बऱ्या. कौशल्या पुरणात काय घालायची ते आठवत नाही. वेलची असावी. आठ वर्षं खाल्लं, विचारलं कधी नाही.

ता. २७, गुरुवार
घागर आणली. डाळ, गूळ, तूप, चिंच, सगळं तयार. सवाष्ण उद्या सकाळी सांगेन. आज सांगून तरी तिने काय करायचं?

ता. २८, शुक्रवार. आखाजी.
पहाटे उठलो. अकरापर्यंत सगळं झालं. पाच पोळ्या, भात, कढी, चिंचवणी. कढी फुटली नाही. घागर भरली. पाट मांडून ताट वाढलं. मग सवाष्ण बोलवायला निघालो.
चंद्रभानची बायको दोन घरी जाणार होती. नत्थुजींची सून सकाळीच कुठे जेवायला गेलेली. नत्थुजी म्हणाले, "आज सांगून राहिले? आजचं आज? बापा, रोज शंभर गाड्या लिहिता, हे नाई समजलं?" बाराही घरं झाली. मागच्या गल्लीतही गेलो. मैनाबाई आली असती, पण तिला नवरा नाही.
दीडला परतलो. ताटापाशी बसलो. माशा वारत होतो.
तीनला तानुबाई आल्या. उत्तमरावांकडे जेवून थेट इकडे. दारातूनच म्हणाल्या, "पोटात जागा नाई, पन कौशल्येसाठी एक घास खाईन. वाढा, भाऊ."
ताट रिकामं होतं. मी जेवलो होतो. कधी सुरू केलं ते सांगता येत नाही.
त्या ताटाकडे पाहत राहिल्या. "पाचही?"
म्हटलं, हो.
"कशा झाल्या होत्या?"
म्हटलं, चांगल्या.
त्या थोडा वेळ उंबऱ्यावर बसल्या आणि गेल्या.
वलगावला निरोप द्यायचा आहे, की झालं. कोण जेवलं, हे सासूबाई पहिलं विचारतील.