दातांनी तोडलेला दोरा

४ तारीख, सोमवार

आणि दादा, मी कुठलंच काम अर्धवट टाकून पळालेलो नाही, हे परत सांगतो. गॅरेजवाल्याने काढलं, बेकरीवाल्याशी पटलं नाही, तिसऱ्याचं तर दुकानच बसलं. फोनवर तू ऐकून घेत नाहीस म्हणून इथे लिहितो. वही निदान मधे बोलत नाही.

जागा मात्र झकास. चहूकडे शेतं, मधे एक लांबलचक घर. पाच जण दहा दिवस लेखन करायला आलेत. माझ्याकडे चहा, झाडलोट, पाण्याचा पंप. पगार शेवटच्या दिवशी एकरकमी, गाडीही तेव्हाच येणार. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यावर अडलंय, ते लक्षात आहे माझ्या. सारखं ऐकवू नकोस.

शिबिर घेणाऱ्या बाई साठीच्या, प्रेमळ. प्रत्येकाची वही स्वतः शिवून देतात. गळ्यात छोटी कात्री अडकवलेली, टाका संपला की कट्‌कन दोरा कापतात. आईची आठवण झाली. ती शिलाई मशीनवर बसली की दोरा दातांनीच तोडते, कात्री शेजारी असली तरी.

५, मंगळवार

इथली पद्धत अशी. सकाळी प्रत्येकाने आपल्या आयुष्यात खरंच घडलेलं एक पान लिहायचं. चार वाजता बाई पानं गोळा करून मोठ्याने वाचतात आणि आपल्या जाड वहीत शिवून ठेवतात. सहावा माणूस आलाच नाही. रिकामी खुर्ची बरी दिसत नाही म्हणून मलाच बसवलं. सातवीत शाळा सुटलेला मी, काय लिहिणार? आई, मशीन, तो दोरा, एवढंच लिहिलं. बाईंनी डोळे पुसले, शाबास म्हणाल्या. मास्तरांनी कधी छडीशिवाय काही दिलं नव्हतं, त्यामुळे अंगावर मूठभर मांस चढलं.

७, गुरुवार

लिहिणाऱ्यांत एक निवृत्त नर्सबाई आहेत. सकाळी साबण मागायला स्वयंपाकघरात आल्या. बोटातली अंगठी निघत नव्हती. कुणाची घालून बसलेय कोण जाणे, म्हणाल्या. अहो, कालच तर तुमचं पान वाचलं, नवऱ्याने पहिल्या पगारात ती घेतली ते, असं मी सांगितलं. त्या हसल्या. लग्नच कुठे केलं मी, म्हणाल्या.

मला थट्टा वाटली. पण साबण लावून अंगठी काढली आणि त्यांनी ती सरळ केराच्या डब्यात टाकली.

८, शुक्रवार

आईचा फोन. ऑपरेशनला हातभार म्हणून मशीन विकून टाकू का, असं विचारत होती. मी म्हटलं, कसलं मशीन? ती आधी हसली. मग बरा आहेस ना रे, म्हणाली.

वही उघडली. सोमवारचं माझंच अक्षर आहे. वाचता येतं, पण डोळ्यांपुढे काही येत नाही. शेजाऱ्याच्या आईबद्दल वाचावं तसं.

चारला चहा घेऊन गेलो. बाई वही शिवत होत्या. कात्री गळ्यातच होती. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

९, शनिवार

खोटं पान दिलं. दोन ओळी वाचून बाईंनी परत केलं. हे तुझं नाही बाळा, म्हणाल्या. खुर्चीत बसलास तर पान द्यायचं, नाहीतर काम अर्धवट सोडलंस असं धरीन आणि पगार नाही.

त्यात दादा तुझा फोन. हेही सोडून येणार ना, म्हणे. डोकंच फिरलं. आईचं आणखी काही लिहून द्यायचं नाही आता. तूच जा. तुझं सगळं लिहितो उद्या, गॅरेज, बेकरी, भांडणं, सायकलवर डबलसीट नेलंस तेसुद्धा. कटकट तरी मिटेल.

१०, रविवार

दिलं. डोकं हलकं आहे.

११, सोमवार

बाई आज डाफरल्या. हेही काम अर्धवट टाकशील, गॅरेज टाकलंस, बेकरी टाकलीस. यांना कुणी सांगितलं? गॅरेजात होतो मी?

पान मागतात. नाही म्हटलं. पगाराचं पाकीट दाखवतात. उरलंय काय माझ्याकडे — एकच —

१२, मंगळवार

घ्या. संपवा एकदाचं.

नर्सबाई खिडकीत बसून आहेत. विचारलं की फक्त हसतात —

१३, बुधवार

गाडी आली. पाकीट मिळालं. बाई दारात उभ्या, जपून जा बाळा म्हणाल्या, आणि का कोण जाणे त्यांच्या पाया पडावंसं —

एक माणूस सकाळपासून फोन करून जीव खातोय. फोनवर नाव येतं दादा. वहीच्या पहिल्या पानावर मी कुणा दादाशी भांडतोय, कशावरून ते कळत नाही. आधी ओरडला. मग रडायलाच लागला. आई विचारतेय म्हणाला, डोळ्याचं ऑपरेशन आहे. कुणाची आई, विचारलं तर —

वैताग नुसता. पण म्हातारीचे डोळे आहेत, कुणाची का असेना. मला तरी पैसे कुणाला द्यायचेत? पाठवून टाकतो त्यालाच, सगळे, आठ हजार दोनशे —