सेटिंग पीस

६ जानेवारी, सोमवार

वर्षाली, तुझ्या हुकमाप्रमाणे रोजनिशी सुरू. फोनवर मी नुसतं 'हो, बरंय' करतो ही तुझी तक्रार ना? मग घे, माहेराहून बाळ घेऊन आलीस की सगळं एका बैठकीत वाच.

चाकणला आलो एकदाचा! आकुर्डीला दाद्याच्या हॉलमध्ये पंधरवडाभर गादी टाकून पडलो होतो, वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या मोजत. आता म्हाळुंग्यात स्वतंत्र खोली आहे, कंपनी चालत दहा मिनिटांवर. टूलरूममध्ये मशीन लावून द्यायला, सेटर म्हणून घेतलंय. साहेबाने पहिल्याच दिवशी माझा जॉब मायक्रोमीटरवर धरला आणि नुसतीच मान हलवली. मान हलवणं म्हणजे इथे सत्कारच समज.

घरमालक बबनराव इथलेच जुने. जमीन एमआयडीसीत गेली, घर आणि मागची टेकडी तेवढी उरली. आता टेकडीवरही गोदामं उठणार म्हणून सुरुंग लावायचं काम चालू आहे. दिवसभर धडाडधूम. म्हातारा एकटाच असतो. भिंतीवर बायकोचा, रुक्मिणीबाईंचा फोटो आणि शेजारी मुलगा गणराज. दोन्ही हारांखाली तारीख एकच. गाडीचा अपघात असणार. मी विचारलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

म्हाताऱ्याने आज पेटीतून रायफल काढून दाखवली. वडिलांच्या वेळची, लायसन आहे. एकेकाळी मागच्या टेकडीवर हाकारे घालून डुक्कर उठवायचे, अख्खी आळी जेवायची म्हणे. सांगताना डोळे असे चमकत होते की मोतीबिंदू कुठे गेला कळेना.

अडचण अशी की त्या मापाचं काडतूस आता बाजारात मिळत नाही. जुनी पितळी कवचं आहेत, ती परत भरून देणारा माणूस हवाय. त्यांनी पुण्यातली बंदुकीची दुकानं पालथी घातली, भोर-मुळशीकडचे जुने शिकारी गाठले, काही मेले, काहींनी दारात उभं केलं नाही. भोसरीत लेथचं दुकान असलेले इकबालभाई आहेत, त्यांचे वडील पूर्वी भरून द्यायचे. मीच जाऊन विचारून आलो. बबनरावांचं नाव काढल्याबरोबर त्यांनी कानांना हात लावले. चहा पाजला, आणि उठताना एवढंच म्हणाले, की भाऊ, ते काम घेऊ नका. कायद्याचं भय असेल. आहेच म्हणा. शिकारही बंद आणि भरणंही बेकायदा.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घेतला आणि फसलो. म्हातारा म्हणाला, काडतुसं तुम्हीच भरून द्या, मग पुढच्या दोन खोल्या तुमच्याच समजा, सूनबाई बाळाला घेऊन येऊ द्या, घरात पोराचा आवाज व्हऊन लय वर्सं झाली. त्या खोल्यांना ऊन येतं गं. अंगण आहे, तुळस आहे. वाळत घातलेली लंगोटी मला दिसायलासुद्धा लागली. मी हो म्हटलं.

त्यांच्या अटी ऐकून हसू आलं. काडतूस नाव घेऊन भरायचं. गोळी बसवताना ज्याचं नाव तोंडातून निघेल, ते काडतूस त्याचं. नाव ते स्वतः घेणार, मी गप्प राहायचं. चार म्हणजे चारच. वाढीव एकसुद्धा भरायचं न्हाई, असं तीनदा बजावलं. मी म्हटलं, आबा, आमच्या कंपनीतसुद्धा ऑर्डरपेक्षा जास्त माल काढला तर बोंबाबोंब होते. ते हसले नाहीत.

१८ जानेवारी, शनिवार

बाप झालो!!

नीट सांगतो. सुट्टी होती. म्हातारा देवळात गेला होता, तोवर म्हटलं तयारी करून ठेवू. काडतूस भरायचा जुना दांड्याचा हातदाब ढिला झाला होता, तो मी आठवडाभरात ठीक केलाय. आता कोणताही जॉब लावला की पहिला पीस सेटिंगचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. तो ऑर्डरीत धरत नाहीत. माप बसतंय ना एवढं बघायचं आणि बाजूला ठेवायचा. तसाच एक घेतला. गोळी बसवायला दांडा खाली ओढतोय तोच तुझ्या आईचा फोन. मुलगी! दोघी खुशाल! एका हाताने दांडा दाबलेला, दुसऱ्या हाताने फोन कानाला, आणि मी घर दणाणेल असा ओरडलो, आली माझी चिऊ!

सेटिंग पीस झकास बसला होता. हत्यारांच्या पेटीत टाकला.

मग आबा आले, त्यांना पेढा भरवला आणि त्यांच्यासमोर चार भरली. डुक्कर, ससा, तितर अशी तीन नावं त्यांनी मोठ्याने घेतली. चौथं ओठातच पुटपुटले. मला कुठलं लक्ष! मी तुझ्यापाशी होतो. रजा मात्र मिळाली नाही, लाइन नवीन आहे. बारशालाही बघू म्हणतायत. मेल्यांनो.

२० जानेवारी, सोमवार

सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळी आबांबरोबर टेकडीवर गेलो. शिकार कसली, निम्मी टेकडी पोखरलेली, झाड नाही, उंदीर दिसायची मारामार. त्यांना तर दहा पावलांपुढचं दिसत नाही. सुरुंगाच्या आवाजात आपला एक बार कोणाला कळतोय म्हणून त्यांनी आभाळाकडे नळी केली आणि ओढला चाप. म्हटलं, झाली हौस.

परत आलो तर फाटकात रानडुक्कर पडलेलं. सुळेवालं, ऊन ऊन. मानेत एकच भोक.

इथे दहा वर्षांत डुक्कर कोणी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, कोणीतरी दुसऱ्याने मारून आणलं असेल. कोणी? आबा खुश दिसले नाहीत.

२२ जानेवारी

ससा. बार ओढ्याकडे काढला, ससा आमच्या उंबऱ्यात.

वर्षाली, मी थट्टा करत नाहीये.

२४ जानेवारी

आज बंदूक मीच घेतली. म्हटलं, काय जादू आहे बघतोच. नळी मातीत टेकवली आणि बार काढला. हातभर खड्डा पडला, गोळी तिथेच जिरली, मी उकरून हातात घेतली. मग घरी आलो. पत्र्यावर तितर. रक्त पन्हाळीतून ठिबकत होतं.

आबांना विचारलं हे काय आहे. म्हणाले, नाव घेतलं की ते कुठं बी असू द्या, जातंच. म्हणून तर भरायला कोन तयार व्हत न्हाई.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आलो. आबांचा काडतुसांचा डबा उघडा होता. त्यात एकच काडतूस राहायला हवं, चौथं. दोन होती. दुसरं माझं, सेटिंगचं. माझी हत्यारांची पेटी पाहिली, तिचं कुलूप लावलेलंच होतं.

सांगावंच लागलं. सेटिंग पीस म्हणजे काय ते समजावलं. म्हातारा खालीच बसला. मग पहिल्यांदा बोलला, गणराजबद्दल. इकबालभाईंच्या वडिलांना बाजूला सारून त्या दिवशी आबा स्वतःच भरायला बसले होते. मोजणीपेक्षा एक जास्त भरलं, आणि तेवढ्यात पोराने गाडीच्या किल्लीवरून हुज्जत घातली. रागाने त्याच्या नावाने ओरडले. मोजून भरलेली संपली की वाढीव आपल्या आपण उडतं, त्याला बंदूक लागत नाही. ते विहिरीत टाकलं, परत फळीवर. उकलून दारू सांडली, सकाळी पुन्हा भरलेलं. शेवटी रुक्मिणीबाईंनी ते छातीशी घट्ट धरलं, जायचं तर माझ्यातून जा म्हणाल्या. त्यांच्यातून गेलं. आणि तिकडे शेतावर गणराजही.

मग माझा दंड धरून त्यांनी विचारलं, तुमच्या तोंडून कुनाचं नाव गेलं? मी म्हटलं, कोणाचंच नाही आबा, मी एकटाच होतो. पुन्हा पुन्हा विचारलं. मी शपथ घेतली. तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला. बिननावाचं असंल तर नुसतंच फुसकन जाईल म्हणाले.

चौथ्यावर कोणाचं नाव आहे, तेही सांगितलं. स्वतःचं. टेकडी गेल्यावर बघायला काय उरतंय, असं म्हणाले. त्यासाठीच माणूस शोधत होते सगळीकडे. मी रागावलो, रडलो, बंदूक कुलपात घालून किल्ली खिशात ठेवली. ते म्हणाले, बरं, तुमची लेक बघून जाईन. मला ते खरं वाटलं.

२९ जानेवारी, बारसं

रजा नाहीच दिली. जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओवर पाहिलं. पाळणा, झेंडूच्या माळा, माझी ताई कानात नाव सांगतेय. ओवी. छान आहे नाव. तू हसून म्हणालीस, ओवी फक्त कागदावर हो, तुम्ही पहिल्या मिनिटाला ठेवलंत तेच घरात रुळलंय, आई सांगत होती फोनमध्ये कसे ओरडलात. अख्खं घर तिला चिऊच म्हणतं—

चिऊ.

दांडा दाबलेला होता. माझ्याच हाताने.

मशीन चालू टाकून पळालो. चौथं उडता कामा नये. एवढंच. ते डब्यात आहे तोवर ती आहे. जन्मभर पहारा करीन, त्यांना हातपाय बांधून ठेवीन—

बंदुकीचं कुलूप तोडलेलं. जेसीबी टेकडीच्या माथ्यावर चढले होते. आबांनी ते पाहिलं असणार. मी निम्म्या चढावर होतो. हाका मारत होतो, आबा, नाव होतं, नाव होतं—

सुरुंगाचा आवाज वेगळा असतो. हा बारीक होता.

२९, घरी

आबा गेले. लोक वर जमलेत. मी खाली आलो.

डबा रिकामा. सेटिंग पीस टेबलावर उभा. मी नाही ठेवला.

सांडशीने उकललं. दारू मोरीत ओतली. हात धुऊन वळलो तर उभा. परत.

तुला सोळा वेळा फोन केला, उचलत नाहीस. पाहुणे असतील, गाणी लावली असतील. ताईही उचलत नाही. म्हणून लिहितोय. हात कशाला तरी लावायला हवा.

माझं नाव घेतलं. ओरडून घेतलं, निरंजन, निरंजन, माझं आहे हे, माझं. काही होत नाही. नाव एकदाच—

मुठीत धरलंय. पोटाशी. डाव्या. उजव्याने लिहितोय. रुक्मिणीबाईंनीही असंच. माहीत आहे मला. तरी सोडवत नाही.

गरम होतंय.

पुढच्या खोलीत ऊन आलंय वर्षाली. तुळशीपर्यंत.

फोन. तुझा. उचलला, स्पीकरवर टाकला. म्हटलं, तिला त्या नावाने हाक मारू नकोस, ते नाव तिचं नसेल तर हे फुसकन जाईल, वर्षाली, ऐक, त्या नावाने— तू म्हणतेस आवाज येत नाही, इथे गडबड आहे, थांबा, तिलाच तुमच्याशी बोलायला देते, म्हणतेस, बघ गं, बाबांचा फोन, चि—