हिला अर्थ नाही

३ नोव्हेंबर, दुपार
मोटारसायकल रंगवून झाली. निळा ऑइलपेंट, दोन हात. अर्धवट काम मला जमत नाही. बॅटरीपासून खालपर्यंत सगळे बोल्ट सोडवले, खाली रंग दिला, वाळल्यावर परत आवळले. गाडी लेकीपेक्षा सहा वर्षांनी म्हातारी, पण आता कोणी म्हणणार नाही. हे म्हणाले, एवढा रंग दाराला दिला असतास तर. दुर्लक्ष केलं.
लेकीची दवाखान्यातली नोकरी सोळा तारखेपासून. सकाळी सातला हजर. पहिली बस आठची, म्हणून गाडी. दवाखाना बोगद्याच्या पलीकडे. बोगद्यात एक दिवा नाही. मला भीती वगैरे वाटत नाही. गाडी ठणठणीत हवी, बास.

४ नोव्हेंबर
हेडलाईट काजव्यासारखा. हॉर्न दाबला की तोही विझतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर लागतो. ब्रेकचा त्याच्याशी काय संबंध? रंगवायच्या आधी सगळं नीट होतं. समोरची बाई काल फार वेळ रंग बघत उभी होती. लक्षात ठेवलंय.

५ नोव्हेंबर
दीर वायरमन आहेत. कामावर जाता जाता वाकून बघितलं, म्हणाले, वहिनी, हिला अर्थच नाही. आणि शिडी खांद्यावर टाकून चालायला लागले.
अर्थ नाही? आठ दिवस राबले, आणि अर्थ नाही? माझ्या तोंडावर? त्यांच्याशी बोलणं बंद. गाडी मी स्वतः दुरुस्त करणार. चौथी शिकले म्हणून काय झालं, लाल वायर कुठली नि काळी कुठली हे मला दिसतं.

७ नोव्हेंबर
रबरी चपला, भांड्यांचे हातमोजे, डोक्याला टॉवेल. स्पार्क येतो का बघायला प्लगची टोपी हातात धरून किक मारली. येतो. दुसऱ्या हातातला पान्हा शेजारच्यांच्या कुंडीत जाऊन पडला. हातमोजा बोटापाशी फाटका होता, ते नंतर दिसलं. लेक धावत आली, आई, काय झालं? म्हटलं, काही नाही, पान्हा जड आहे का बघत होते. दाढा अजून झिणझिणतायत.

९ नोव्हेंबर
बल्ब नवा. फ्यूज नवा. बॅटरी नवी. काजवा जुनाच. दुकानदार लबाड आहे.
रात्री स्वप्नात बोगदा.

११ नोव्हेंबर, सकाळ १०
स्वतः गाडी घेऊन बोगद्यात जाऊन बघितलं. मध्यावर पोचले आणि समोरून ट्रक, तोही बिनदिव्याचा. हॉर्न दाबला. दिवा गेला. असा काळोख की आपण आहोत की नाही कळेना. ट्रकचा आवाज चारी बाजूंनी. भिंत माझ्याकडे आली की मी भिंतीकडे, माहीत नाही. गुडघा घासला. भिंतीला पाठ लावून उभी राहिले, ट्रक पदराला हिसका देऊन गेला. गाडी ढकलत बाहेर आणली. बाहेर बसून रडले नाही. डोळ्यांत धूळ गेली होती.
घरी सांगितलं, पायरीवर पडले.
माझ्या जागी लेक असती तर. हे वाक्य पुढे लिहायचं नाही.

१२ नोव्हेंबर
कशात मन लागेना. परत सगळं खोलून रंगाचा तिसरा हात दिला. आता हॉर्न वाजायचाही बंद.

१४ नोव्हेंबर
लेक मला न विचारता काकाला घेऊन आली. त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडवली, तिच्याखालचा माझा निळा रंग स्क्रू ड्रायव्हरने खरवडला. रुपयाएवढी जागा. वायर परत आवळली. हेडलाईट लागला तो समोरच्या बाईच्या स्वयंपाकघरात.
म्हणाले, वहिनी, काळी वायर सांगाड्याच्या लोखंडाला टेकते, त्याला म्हणतात अर्थ. मध्ये तुमचा रंग. करंटला परतीची वाटच नाही, मग तो मिळेल त्या दिव्यातून घुसतो. मी म्हटलं, हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं? म्हणाले, शिडी खांद्यावर होती, जड होती.
बोलणं बंद होतं हे त्यांना कळलंच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
उद्या लेक निघणार. गाडी झकास. मी निर्धास्त.
फक्त ती खरवडलेली जागा उघडी आहे. गंज धरेल. गंज फार वाईट. वायर सोडवून जरासा रंग लावला. अगदी जरासा. मग दुसऱ्यांदा जरासा. वाळल्यावर आवळून टाकली. केवळ गंजासाठी.

१६ नोव्हेंबर
सहा वाजता लेकीने किक मारली. काजवा. मी म्हटलं, अरेरे, काय हे नशीब, दवाखान्याला कळवून टाक, दुसरी नोकरी मिळेल घराजवळ. लेकीने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या अंगठ्याकडे. अंगठा निळा.
स्क्रू ड्रायव्हर आणला, दोन मिनिटं खरवडलं, लख्ख उजेड. मग म्हणाली, आई, मागे बस. म्हटलं, मला कामं आहेत. म्हणाली, बस म्हणते ना. बसले. दवाखान्याच्या दारात सोडलं तिने मला, तिथून बसने परत आले.
बोगदा वाटतो तेवढा लांब नाही. आत उजेडही भरपूर पडतो, असं लेक म्हणाली. मी डोळे मिटले होते.