मागच्या चाकांनी वळणारी भाची

तीर्थरूप मामा,

नमस्कार. वाकून करणार होते, पण मान सध्या डावीकडे वळलेली असते आणि ती सरळ व्हायला रविवार उजाडावा लागतो. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? (आई म्हणते थांबला नसणार, मामी औषध दुसऱ्यांना देते, स्वतः घेत नाही.)

मुद्द्यावर येते. मेकॅनिकलची पदविका घेऊन मी गोदामात फोर्कलिफ्ट चालवते हे आईने कळवलं असेलच, बहुधा 'हमालीचं यंत्र' या शब्दांत. कंपनी आता मला कायम करायला तयार आहे. आई तयार नाही. ड्रॉइंग शिकलेल्या मुलीने टेबलाशी बसावं असं तिचं म्हणणं. वाद घालून घालून ती एवढ्यावर आली की, "मामाला विचार. तो हो म्हणाला तर मी तोंड उघडणार नाही." महिनाअखेरीला सही करायची आहे, म्हणून हे यंत्र काय चीज आहे ते आधी सांगते. मत नंतर बनवा.

फोर्कलिफ्टची पुढची चाकं वळत नाहीत, मागची वळतात. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की नाक उजवीकडे जातं आणि पाठ डावीकडे झोकांडते. मी हे आधी कागदावर कोन मोजून काढलं होतं. कागदावर यंत्र फार सुरेख वळलं. जमिनीवर त्याने पाठीने पाण्याचं पिंप आडवं केलं आणि वॉशबेसिनची खोकी भिजली. (बेसिनांनी तक्रार केली नाही. त्यांचा जन्मच त्यासाठी.) मला शिकवणारे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, पिंप उभं करत शांतपणे म्हणाले, "इंजिनीअरबाई, तोंड सगळेच सांभाळतात. तुम्ही शेपूट सांभाळा." तेव्हापासून चहावाल्यासकट सगळ्यांसाठी मी इंजिनीअरबाई. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

शिवाय माल उंच असला की समोरचं दिसत नाही, म्हणून यंत्र उलटं न्यायचं. मान त्यामुळे. सवय घरीही येते. स्वयंपाकघरातून भांडी घेऊन मी पाठमोरी निघते आणि दाराशी तोंडाने हॉर्न देते. आई म्हणते, "पाहुण्यांसमोर करू नकोस म्हणजे मिळवली." (पाहुण्यांसमोर केलं. ते पटकन बाजूला झाले, म्हणजे पद्धत बरोबर आहे.)

पण आता रॅकमधल्या अरुंद गल्लीत, जिथे उस्तादही बोलणं थांबवतात, मी बेसिनं वरच्या खणात ठेवते आणि टवकाही उडत नाही. युक्ती एकच: कोपऱ्याला अगदी चिकटून जायचं आणि मग एकदम वळायचं. आतली बाजू आपोआप सुटते. शेपटाला बाहेर जागा ठेवली की झालं. हे हातात इतकं मुरलंय की विचार करावा लागत नाही. उस्तादांनी साहेबांना सांगितलं, "हिला सोडू नका. हिची पाठ शहाणी झालीय."

तेव्हा आईला चार ओळी लिहा: काम सुरक्षित आहे आणि मुलीचा हात पक्का आहे. कौतुक वाढवून करू नका, तिला संशय येतो.

तुमची भाची

ता. क. बदलीच्या गावी जाताना तुम्ही गाडी आमच्या आवारात ठेवलीत आणि म्हणालात, "अधूनमधून फिरव, नाहीतर बॅटरी उतरेल." काल फिरवली. गाडीची पुढची चाकं वळतात. हे मला माहीत होतं, हातांना नव्हतं. फाटकाच्या खांबाला अगदी चिकटून गेले आणि एकदम वळले. गाडीची मागची बाजू मात्र आत ओढली जाते (आकृती याच पानाच्या मागे काढली आहे). डावीकडच्या मागच्या दाराने आता खांबाचा आकार घेतला आहे. खांब ठीक आहे.

आणखी एक. आई शेजारच्या सीटवर होती. तिनेच खाली उतरून, हातवारे करत, मला मागे घेतलं. घरी येऊन दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "तू आपली ते गोदामातलं यंत्रच चालव बाई. तिथे निदान रस्त्यावर येत नाहीस. उद्याच सही करून टाक." आज केली. पत्र नव्याने लिहिणार होते, पण आकृती चांगली आली आहे. तर मामा, आईला लिहायची आता गरज नाही. जे काय लिहायचं ते मला लिहा, आणि शक्यतो दार बघण्याआधी.